फिल्टरचा कोड दुसऱ्या भाषेत नेताना कडेचे पिक्सेल का जुळत नाहीत?

रानजाई

मॅटलॅबमधला कोड आधी पायथनमध्ये आणि तिथून सी++मध्ये न्यायचा आहे. मूळ ओळ साधी आहे: 'इमफिल्टर', ५ बाय ५ चा कर्नेल (पिक्सेल आणि त्याच्या शेजाऱ्यांना लावायच्या वजनांचा तक्ता), कडेचा पर्याय (चित्राबाहेरचे शेजारी कसे धरायचे ते) 'सिमेट्रिक'. कर्नेल म्हणजे १, ४, ६, ४, १ ही ओळ उभी-आडवी गुणून २५६ ने भागलेली. चित्र ५१२ बाय ५१२, करड्या छटांचं, आठ बिटी.

पायथनमध्ये नमपायच्या 'पॅड'ला 'रिफ्लेक्ट' सांगून चारी बाजूंनी २-२ पिक्सेल वाढवले, सायपायने फिल्टर लावला आणि मधला भाग कापून घेतला. सी++मध्ये ओपनसीव्हीचं 'फिल्टर२डी' वापरलं, कडेचा पर्याय दिलाच नाही.

१ चा फरक सोडला तर पायथन आणि सी++ची उत्तरं कडेलासुद्धा एकमेकांशी जुळतात, मॅटलॅबशी मात्र दोन्ही जुळत नाहीत. मोठा फरक फक्त कडेच्या २ पिक्सेल रुंदीच्या पट्टीत आहे. आतल्या भागात काही पिक्सेल १ ने इकडेतिकडे आहेत, ते सध्या सोडून देतोय.

दोन वेगळ्या लायब्रऱ्यांचं एकमत आहे म्हणजे मॅटलॅबच काही वेगळं करतंय का?

सह्यकडा

मॅटलॅब बरोबर आहे. तुमच्या दोन्ही नव्या आवृत्त्यांत एकच चूक झाली आहे, म्हणून त्या एकमेकींशी जुळतात.

आरसा दोन जागी ठेवता येतो. चार पिक्सेलची ओळ क ख ग घ धरा.

आरसा शेवटच्या पिक्सेलच्या बाहेरच्या रेषेवर ठेवला तर कडेचा पिक्सेल दोनदा येतो:
घ ग ख क | क ख ग घ | घ ग ख क

आरसा कडेच्या पिक्सेलच्या मधोमध ठेवला तर तो एकदाच येतो:
घ ग ख | क ख ग घ | ग ख क

आता नावं बघा, गोंधळ सगळा तिथेच आहे. पहिल्या प्रकाराला मॅटलॅब 'सिमेट्रिक' म्हणतं, नमपायचं 'पॅड'ही 'सिमेट्रिक'च म्हणतं. पण सायपायच्या एनडीइमेज या चित्रांसाठीच्या भागात त्याचं नाव 'रिफ्लेक्ट' आहे आणि ओपनसीव्हीत 'बॉर्डर_रिफ्लेक्ट'. दुसऱ्या प्रकाराला नमपाय 'रिफ्लेक्ट' म्हणतं, एनडीइमेज 'मिरर' म्हणतं, ओपनसीव्ही 'बॉर्डर_रिफ्लेक्ट_१०१'. म्हणजे नमपाय आणि सायपाय एकाच प्रोग्रामात शेजारी-शेजारी वापरतो आपण, आणि 'रिफ्लेक्ट' या एकाच शब्दाचे तिथे दोन अर्थ होतात.

तुम्ही नमपायचं 'रिफ्लेक्ट' घेतलं, म्हणजे दुसरा प्रकार. ओपनसीव्हीला काही सांगितलं नाही की ते १०१ धरतं, म्हणजे पुन्हा दुसराच. मॅटलॅबमध्ये पहिला. ५१२ च्या चित्रात २ पिक्सेलची पट्टी म्हणजे ५१२ चा वर्ग वजा ५०८ चा वर्ग, ४०८० पिक्सेल. तुमच्या फरकाच्या चित्रात मोजून बघा, मोठे फरक या आकड्याच्या आतच सापडतील.

दुरुस्ती: पायथनमध्ये 'पॅड' काढून टाका आणि एनडीइमेजच्या 'कोरिलेट'ला 'रिफ्लेक्ट' द्या. सी++मध्ये 'बॉर्डर_रिफ्लेक्ट' स्पष्ट लिहा.

आडवाट

नावांचा तक्ता पाठ करण्यापेक्षा पाच आकड्यांची चाचणी हाताशी ठेवा. ओळ घ्यायची १०, २०, ३०, ४०, ५०. फिल्टर पाच पिक्सेलच्या साध्या सरासरीचा, दशांशात. उत्तरातला फक्त पहिला आकडा बघायचा:

१२ आला तर बाहेर शून्यं भरली आहेत.
१६ आला तर कडेचाच पिक्सेल पुन्हा पुन्हा वापरला आहे, म्हणजे 'रेप्लिकेट', एनडीइमेजच्या भाषेत 'नीअरेस्ट'.
१८ आला तर कडेसकट आरसा.
२२ आला तर कड वगळून आरसा.
३० आला तर ओळ गोल फिरवली आहे, उजव्या टोकाचे ४० आणि ५० डावीकडे आले.
२० आला तर खिडकीच आखूड केली आहे आणि असलेल्या तीन आकड्यांना तीनने भागलं आहे. मॅटलॅबचं 'मूव्हमीन' काही न सांगता हेच करतं.
१० आला तर कडेचा पिक्सेल न बदलता तसाच उतरवला आहे.
० आला तर कडेला फिल्टर लागलाच नाही, तिथे थेट शून्य लिहिलं आहे.

आठही उत्तरं वेगळी आहेत. ज्या भाषेतून कोड काढायचा आणि ज्या भाषेत न्यायचा, दोन्हीकडे हे चालवायचं. दस्तऐवज वाचण्याआधी हे करावं असं माझं ठाम मत आहे.

चांदणी

ही चाचणी तीनच्या सरासरीने केली तर? माझ्याकडे ३ बाय ३ कर्नेल आहे आणि 'सिमेट्रिक' घ्या किंवा 'रेप्लिकेट', उत्तर एकच येतंय.

आडवाट

येणारच. त्रिज्या (मधल्या पिक्सेलपासून कर्नेल एका बाजूला किती पिक्सेल पसरतो ते) १ असली की बाहेरचा एकच शेजारी लागतो, आणि कडेसकट आरसा असो की पुनरावृत्ती, तो शेजारी म्हणजे कडेचाच पिक्सेल. दोन्हीकडे (१० + १० + २०) भागिले ३, म्हणजे १३.३३. फरक दुसऱ्या शेजाऱ्यापासून सुरू होतो. त्यामुळे ३ बाय ३ वर 'पास' झालेली चाचणी ५ बाय ५ साठी काहीच सिद्ध करत नाही. चाचणीच्या कर्नेलची त्रिज्या किमान २ हवी.

आणि ओळीचा शेवटचा आकडाही बघा. हाताने लिहिलेल्या लूपमध्ये दोन टोकांना दोन वेगळे नियम लागलेले असू शकतात. पायथनमध्ये अनुक्रमांक −१ म्हणजे शेवटचा घटक. डाव्या आणि वरच्या कडेला कोड गुपचूप गोल फिरतो, उजव्या आणि खालच्या कडेला मात्र चूक फेकतो. मग कोणीतरी लूप उजवीकडून आखूड करतं, चूक दिसेनाशी होते आणि डावी कड तशीच राहते. −२ ते ३ असा तुकडा कापला तर मोठ्या ओळीत रिकामा तुकडा मिळतो आणि त्याची सरासरी 'नॅन' (म्हणजे 'संख्याच नाही') येते.

तिठा

सी++मध्ये लूप हाताने लिहिणाऱ्यांसाठी थोडं तपशीलात लिहितो, कारण तिथे चूक सगळ्यात उशिरा दिसते.

चित्र सलग मेमरीत असतं. ओळ य, स्तंभ क्ष असा पिक्सेल 'य × रुंदी + क्ष' या जागी. क्ष = ० असताना डावा शेजारी मागितला की जागा येते 'य × रुंदी − १'. ही जागा मेमरीच्या बाहेर नाही. तो आदल्या ओळीचा शेवटचा पिक्सेल आहे! प्रोग्राम कोसळत नाही, ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीबाहेरचं वाचन पकडणारं साधन) हाही गप्प बसतो, कारण वाचन बफरच्या आतच झालं. तो ओरडतो फक्त पहिल्या ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटच्या ओळीच्या शेवटी. लक्षण असं: डाव्या कडेवर उजव्या कडेची छटा उतरते, तीही एक ओळ सरकून. डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं असं चित्र दिलं तर डाव्या कडेला करडी रेघ लगेच दिसते.

दुसरी गोष्ट, बाकी काढायचं चिन्ह. पायथनमध्ये −१ ला ५ ने भागून बाकी ४ येते, सी++ आणि जावामध्ये −१ येते. मॅटलॅबमध्ये 'मॉड' ४ देतं आणि 'रेम' −१. गोल फिरवणारा कोड पायथनमधून उचलून तसाच सी++मध्ये ठेवला की तो ऋण जागा वाचतो.

तिसरी, आणि रानजाई यांच्या प्रश्नाला थेट लागू असलेली: एकपासूनची मोजणी. इ म्हणजे मागितलेला अनुक्रमांक, न म्हणजे ओळीची लांबी. मॅटलॅबमध्ये कडेसकट आरशाचं डावीकडचं सूत्र '१ − इ' असतं, उजवीकडचं '२न + १ − इ'. शून्यापासूनच्या मोजणीत त्यांची होतात '−इ − १' आणि '२न − १ − इ'. भाषांतर करताना एकाने चुकून '−इ' आणि '२न − २ − इ' लिहिलं, तर ते चुकीचं सूत्र दिसतच नाही, कारण तेही एक वैध सूत्र आहे: कड वगळून आरसा. एका आकड्याच्या चुकीने एका पद्धतीची दुसरी पद्धत होते आणि चित्र डोळ्यांना ठीकच दिसतं. वरच्या चाचणीत मात्र १८ च्या जागी २२ येईल.

कर्नेल चित्रापेक्षा मोठा असला तरी चालेल अशी पद्धत, कडेसकट आरशासाठी:

आवर्तन = २ × न
इ = इ ला आवर्तनाने भागून उरलेली बाकी
बाकी ऋण असेल तर तिच्यात आवर्तन मिळवा
इ न एवढा किंवा मोठा असेल तर इ = आवर्तन − १ − इ

कड वगळून हवा असेल तर आवर्तन २ × न − २, आणि शेवटची ओळ इ = आवर्तन − इ.

प्रत्येक पिक्सेलला हे चालवू नका, वेळ खातं. रुंदी आणि दोन्ही बाजूंची त्रिज्या मिळून जेवढी लांबी होईल तेवढा अनुक्रमांकांचा तक्ता एकदाच बनवा, उंचीसाठी दुसरा. लूपमध्ये फक्त तक्ता वाचा.

रानजाई

सह्यकडा, दोन्हीकडे पर्याय बदलले. मोठे फरक गेले. आता सगळ्या चित्रभर १ चा फरक असलेले पिक्सेल विखुरलेले आहेत. पायथनमध्ये साधारण निम्म्या पिक्सेलवर, सी++मध्ये अगदी थोड्या.

सह्यकडा

हे कडेचं नाही, पूर्णांक करण्याचं आहे. पण सोडून देऊ नका. हा फरक राहिला की कडेची चाचणी 'फरक शून्य' अशी कडक लिहिता येत नाही, आणि 'फरक १ पर्यंत चालेल' म्हटलं की सपाट आकाश असलेल्या चित्रात कडेच्या चुकाही त्यात लपतात.

एनडीइमेजला आठ बिटी चित्र दिलं की उत्तरही आठ बिटी येतं आणि दशांश नुसता छाटला जातो. १८.६७ चं मॅटलॅबमध्ये १९ होतं, इथे १८. म्हणून निम्मे पिक्सेल. (सोबेलसारख्या, छटांतला बदल शोधणाऱ्या फिल्टरला तर याहून वाईट होतं: −५ सारखं ऋण उत्तर बहुतेक यंत्रांवर २५१ होऊन बाहेर येतं. मॅटलॅब त्याला ० वर थोपवतं.)

ओपनसीव्ही छाटत नाही, पण बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जातं. २.५ चे २. मॅटलॅब शून्यापासून दूर जातं, २.५ चे ३. साध्या ५ बाय ५ सरासरीत हा प्रश्न येत नाही, कारण २५ ने भागून बरोबर अर्धा उरूच शकत नाही. तुमचा कर्नेल २५६ ने भागतो, तिथे बेरजेची बाकी १२८ आली की बरोबर अर्धा येतो. म्हणून थोडेच पिक्सेल.

उपाय दोन्हीकडे एकच: चित्र आधी दुहेरी अचूकतेच्या दशांशात न्या, फिल्टर लावा, ० ते २५५ मध्ये बसवा, मग ०.५ मिळवून खालचा पूर्णांक घ्या. नमपायचं 'राउंड' वापरू नका, तेही समाकडेच जातं. २५६ हा दोनचा घात असल्यामुळे तुमच्या बाबतीत दशांशाचा हिशेब अगदी अचूक होतो, उत्तर शंभर टक्के जुळायला हवं.

मोजपट्टी

कडेचा आणि कर्नेल उलटण्याचा घोळ वेगळा ओळखायला शिका. 'इमफिल्टर' काही न सांगता कोरिलेशन करतं, म्हणजे कर्नेल न उलटवता लावतं, 'फिल्टर२डी'सुद्धा. एनडीइमेजचं 'कन्व्हॉल्व्ह' आणि मॅटलॅबचं 'कॉन्व्ह२' कर्नेल उलटवतात. रानजाईंचा कर्नेल दोन्ही बाजूंनी सारखा आहे म्हणून तो प्रश्न इथे उठला नाही. फरक आतल्या भागातही मोठा असेल, किंवा सोबेलचं चिन्ह उलटं येत असेल, तर कडेकडे बघूच नका, आधी कर्नेल बघा.

सम आकाराचा कर्नेल असेल तर आणखी एक. ४ च्या कर्नेलचा मध्य मॅटलॅब दुसऱ्या घटकावर धरतं, सायपाय आणि ओपनसीव्ही तिसऱ्यावर. सगळं चित्र एका पिक्सेलने सरकतं. एनडीइमेजच्या 'कोरिलेट'मध्ये 'ओरिजिन' −१ द्या, ओपनसीव्हीत 'अँकर' १, १.

चांदणी

गाउसियनसाठीही हेच पुरेल का? 'इमगाउसफिल्ट'चा कोड आहे, सिग्मा (धूसरपणाची रुंदी) २.

मोजपट्टी

नाही, तिथे दोन गोष्टी एकदम बदलतात: कडेचा नियम आणि कर्नेलचा आकार.

सिग्मा २ ला 'इमगाउसफिल्ट' ९ चा कर्नेल घेतं, कड 'रेप्लिकेट'. सायपायचं 'गाउसियन_फिल्टर' चार सिग्मापर्यंत जातं, म्हणजे १७ चा कर्नेल, कड आरशाची, कडेसकट. सायकिट-इमेज (पायथनचीच आणखी एक लायब्ररी) आतून सायपायच वापरतं, पण कडेचा नियम 'नीअरेस्ट' करून ठेवतं. ओपनसीव्हीला आकार ० दिला तर आठ बिटी चित्राला १३, दशांश चित्राला १७, आणि कड १०१. चार ठिकाणी चार वेगळी उत्तरं, आणि कुठेही चूक दाखवली जात नाही.

सायपायमध्ये 'ट्रंकेट' २ देऊन सिग्मा २ ला आकार जुळतो, पण तो उपाय प्रत्येक सिग्माला लागू नाही. मॅटलॅब दोन सिग्माचा वरचा पूर्णांक घेतं, सायपाय जवळचा. सिग्मा १.२ ला मॅटलॅबची त्रिज्या ३, सायपायची २. नव्या आवृत्त्यांत 'रेडियस' थेट देता येतं, ते द्या. जुनी आवृत्ती असेल तर कर्नेल स्वतः बनवून 'कोरिलेट१डी' दोनदा चालवा, 'नीअरेस्ट'सह.

तिठा

मीडियन फिल्टरकडेही (शेजाऱ्यांतली मधली किंमत घेणारा) लक्ष द्या. 'मेडफिल्ट२' बाहेर शून्यं धरतं, त्यामुळे ३ बाय ३ मध्ये कोपऱ्यावर नऊपैकी पाच शून्यं येतात आणि कोपरा हमखास काळा होतो. ओपनसीव्हीचं 'मीडियनब्लर' आतून 'रेप्लिकेट' वापरतं आणि पर्याय बदलायची सोयच देत नाही. मॅटलॅबशी जुळवायचं तर चित्राभोवती आधी स्वतः शून्यांची चौकट घाला, मग फिल्टर लावून चौकट कापा.

इरोजनमध्ये (आकार झिजवणाऱ्या क्रियेत) मॅटलॅब आणि ओपनसीव्ही बाहेरचे पिक्सेल सर्वात मोठ्या किमतीचे धरतात, म्हणजे कड झिजत नाही. सायपायचं 'बायनरी_इरोजन' बाहेर ० धरतं आणि चित्राच्या काठाला टेकलेले सगळे आकार काठाकडूनही झिजतात. 'बॉर्डर_व्हॅल्यू' १ द्या.

गारवेल

जावा आणि जावास्क्रिप्टवाल्यांसाठी. जावाच्या 'कन्व्हॉल्व्हऑप'मध्ये 'एज_झिरो_फिल' हे नाव वाचून बाहेर शून्यं भरली असतील असं वाटतं. तसं नाही. तो उत्तरातच कडेच्या पिक्सेलवर शून्य लिहितो. आडवाट यांच्या चाचणीत १२ येत नाही, ० येतो. काही सांगितलं नाही तर हाच नियम लागतो. 'एज_नो_ऑप' कड तशीच उतरवतो, तिथे १०. आरसा किंवा 'रेप्लिकेट' हवा असेल तर चित्र आधी स्वतः मोठं करायचं, फिल्टर लावायचा, मग कापायचं. दुसरा मार्ग नाही.

जावास्क्रिप्टच्या कॅनव्हासमध्ये मर्यादेबाहेरची जागा वाचली की 'अनडिफाइंड' मिळतं, त्याची बेरीज 'नॅन' होते आणि आठ बिटी रांगेत लिहिताना तिचं ० होतं. त्यामुळे वर आणि खाली काळी पट्टी दिसते, डाव्या-उजव्या कडेला मात्र तिठा यांनी सांगितलेली समोरच्या कडेची छटा. दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर कडेचा नियम लिहिलेलाच नाही असं समजा.

रानजाई

दशांशात नेऊन, ०.५ मिळवून खालचा पूर्णांक घेतला. पायथन आणि मॅटलॅब: २,६२,१४४ पैकी एकाही पिक्सेलवर फरक नाही. सी++ही शून्य.

आता खरं चित्र मोठं आहे, ते तुकड्यातुकड्याने चालवायचं आहे. तुकड्यांच्या सांध्यावर काय करायचं? एकामागे एक दोन फिल्टर आहेत, ५ बाय ५ आणि मग ९ बाय ९.

सह्यकडा

सांध्यावर कडेचा नियम लागूच द्यायचा नाही. तिथे खरे शेजारी उपलब्ध आहेत. प्रत्येक तुकडा दोन्ही त्रिज्यांच्या बेरजेएवढा, २ + ४ = ६ पिक्सेल जास्त वाचायचा आणि शेवटी ते ६ कापायचे. कडेचा नियम फक्त मूळ चित्राच्या खऱ्या काठाला.

त्या खऱ्या काठाला एक काळजी घ्या. सुरुवातीलाच एकदा ६ पिक्सेल वाढवून दोन्ही फिल्टर चालवणं आणि प्रत्येक फिल्टरआधी वेगळं वाढवणं या दोन गोष्टी नेहमी सारख्या नसतात. कडेसकट आरसा आणि दोन्ही बाजूंनी सारखा कर्नेल असेल तर सारख्या येतात, तुमचं काम त्यात बसतं. 'रेप्लिकेट'ला येत नाहीत: १० ते ५० च्या त्याच ओळीवर तीनची सरासरी दोनदा घेतली तर प्रत्येक वेळी वाढवून पहिला आकडा १५.५६ येतो, एकदाच वाढवून १४.४४. मूळ कोड दोनदा 'इमफिल्टर' करत असेल तर तुम्हीही दोनदाच वाढवा.

तिठा

यात ओपनसीव्हीची एक खोच आहे. सी++मध्ये मोठ्या 'मॅट'चा (ओपनसीव्हीत चित्र ठेवायच्या रचनेचा) आयताकृती भाग घेऊन फिल्टर लावला, तर ओपनसीव्ही त्या भागाबाहेरचे खरे पिक्सेल मूळ चित्रातून वाचतं. पायथनमध्ये तोच तुकडा नमपायच्या काटछाटीने दिला की मूळ चित्राची ओळख पुढे जात नाही आणि कडेचा नियम लागतो. ओळ न् ओळ सारखा कोड असूनही सांध्यावर उत्तरं वेगळी. सी++मध्ये पायथनसारखं वागवायचं असेल तर कडेच्या पर्यायाला 'बॉर्डर_आयसोलेटेड' जोडा. तुम्ही ६ पिक्सेल जास्त वाचून नंतर कापणार असाल तर सांध्यावर दोन्ही रीतींनी तेच उत्तर येईल.

रानजाई

६ पिक्सेलने जमलं, सांधे दिसत नाहीत. शेवटचा उजवा तुकडा कधीकधी फक्त १ पिक्सेल रुंद उरतो. तिथे तिठा यांचं सूत्र चालेल का?

तिठा

कडेसकट आरशाचं चालेल, आवर्तन २ येतं आणि सगळे अनुक्रमांक ० वर पडतात. कड वगळून घेतलात तर आवर्तन ० होतं आणि शून्याने भागलं जातं. त्यासाठी न = १ असेल तर थेट ० परत द्या, ओपनसीव्हीही आतून तेच करतं. पण तुमचा तुकडा डावीकडे ६ खरे पिक्सेल घेऊन येतो, म्हणजे तिथे न १ नाही, ७ आहे. तक्ता बनवताना रुंदी म्हणून तोच आकडा द्या.